गळ्यातलं लाटणं

त्या हिवाळ्यात आमच्या घरात तीनच आवाज होते. एक रेडिएटरचा. रात्रंदिवस त्याच्या पोटात कुणीतरी हातोडी मारत बसलंय असं वाटायचं. दुसरा आईच्या भांड्यांचा आणि तिसरा अण्णांच्या बुटांचा. जिन्यावर बूट वाजले की मी आणि धाकटी सुमी ताठ बसायचो, तोंडं मिटून. आईला तर तोंड मिटायचीही गरज नव्हती, ते मिटलेलंच असायचं. मी आता शुगर लँडला लेकाकडे राहते, इथे बाराही महिने एसीची घरघर आणि नातीच्या फोनची टुणटुण. तरी अधूनमधून पहाटे जाग येते आणि वाटतं, रेडिएटर वाजतोय. मग उठून चहा टाकते. हे सगळं लिहायचं मी फार वर्षं टाळलं. माझं मराठी सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं लोकांनी वाचून फेकलेल्या दिवाळी अंकांवर शिकलेलं, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या. पण लिहायचं ते मराठीतच. का, ते येईलच पुढे.

अण्णा ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये कामाला लागले आणि वर्षभरानं आम्हा तिघींना बोलावून घेतलं. आम्ही कऱ्हाडच्या बाजूच्या गावातल्या. मी तेरा वर्षांची, सुमी आठ. कॅम्पसजवळ युनिव्हर्सिटीचे विटांचे क्वार्टर्स होते, फॅमिलीवाल्यांसाठी. त्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आईनं सामानात लोखंडी खलबत्ता आणला होता, पोळपाट-लाटणं आणलं होतं आणि पाच किलो शेंगदाणे. विमानतळावर त्या तपासणीवाल्यानं बत्ता हातात घेऊन वजन केलं आणि आईकडे असं बघितलं, जशी ती कुणाचा तरी खून करायला निघालीय. आई हसून म्हणाली, "आमटी करायची हाय बाबा." त्याला काय कळणार! पण त्यानं सोडलं. आईचं तसंच होतं, ती सगळ्या जगाशी आमच्या गावच्या मराठीत बोलायची. बसच्या ड्रायव्हरशी, टपालवाल्याशी, खिडकीवर येणाऱ्या खारीशी. आणि खरं सांगते, लोक तिला उत्तरं द्यायचे.

मग सुमीच्या शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी वर्गात बोलत नाही, तिला समज कमी दिसते, वेगळ्या वर्गात घालावं लागेल. घरी फक्त इंग्रजी बोललात तर काही आशा आहे. अण्णांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात घातली. जेवण झालं, तेव्हा म्हणाले, "आजपासून या घरात मराठी बंद." आई हसली. तिला वाटलं, थट्टा. ती म्हणाली, "मग काय मुक्यानं जेवण वाढू व्हय?" आणि अण्णांनी तिच्या थोबाडीत मारली. आमच्या देखत मारण्याची ती पहिली वेळ. आईच्या हातातलं ताट खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

अण्णा राक्षस होते असं लिहिलं तर सोपं जाईल, पण ते खोटं होईल. त्यांच्या लहानपणी त्यांच्या तोंडून गावचा शब्द निघाला की मास्तर त्यांना बाकावर उभं करून पोरांकडून "गावंढळ" असं ओरडून घ्यायचे आणि वर छडी. लॅबमध्ये त्यांचं इंग्रजी ऐकून लोक गालात हसायचे, हेही मला पुढे कळलं. म्हणजे मार खाल्लेला माणूस मार वाटत सुटला होता. पण हे कळून माझ्या पाठीवरचे वळ काही कमी झाले नाहीत. पहिल्या महिन्यात थोबाडीत, मग पट्ट्यानं. सुमी झोपेत मराठीत बडबडली तर तिला उठवून मारलं. ती तेव्हापासून तोंडात ओढणीचा बोळा घालून झोपायला लागली. स्वतःच. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आई मुकी झाली. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मराठी बंद, राहिलं काय? तिनं भांड्यांची भाषा काढली. पातेल्यावर पळी एकदा वाजली की जेवायला या, दोनदा वाजली की चहा. झाकण जोरात आपटलं म्हणजे अंघोळीला जा. सुमीला ताप आला तेव्हा तिनं वाटीवर चमचा इतका हळू वाजवला होता, अंगाई वाजवावी तसा. माझी नात रिया हे ऐकून म्हणते, "आजी, व्हाय डिडन्ट शी जस्ट लीव्ह?" कुठे जायचं बाई? दाराबाहेर गुडघाभर बर्फ आणि रस्ता विचारायला तोंड नाही.

शेजारच्या दारात नाकातोमावशी राहायची. युगांडाची. तिशीतली, उंच, गळ्यात नेहमी एक जाड लोकरीचा मफलर, हसली की सगळा जिना हसायचा. ती युनिव्हर्सिटीत कवितेवर काहीतरी शिकत होती आणि स्वतः कविता करायची, तिच्या लुगांडा भाषेत. तिच्या लोकांत जुळ्या मुलींची नावं ठरलेली असतात, आधी जन्मते ती बाबिरिये, मागून येते ती नाकातो. म्हणजे नाव सांगितलं की कळलंच, हिची एक मोठी बहीण आहे. आईनं पहिल्याच दिवशी तिला "नाकतोडे" म्हणायला सुरुवात केली होती. नाकतोडा म्हणजे काय ते मी लाजत लाजत इंग्रजीत सांगितलं, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "तुझ्या आईला सांग, आमच्याकडे नाकतोडे तळून खातात आणि फार चविष्ट लागतात." ती आईला "न्याबो" म्हणायची, आपण "बाई" म्हणतो ना, तसं, मानानं.

दोघींचं जमलं ते शेंगदाण्यावरून. तिच्या देशातही दाणे कुटून घट्ट कालवण करतात आणि उकडलेल्या कच्च्या केळ्यांच्या गोळ्यावर ओततात. केळीची पानं तिथे कुठली, ती ॲल्युमिनियमच्या कागदात केळी गुंडाळून वाफवायची आणि नाक मुरडायची. एक दिवस तिला आमच्या घरातून खलबत्त्याचा आवाज आला, तशी ती दार वाजवून सरळ आत आली आणि बत्ता हातात घेऊन कुटायलाच बसली. तेव्हापासून अण्णा कामावर गेले की खलबत्ता तिच्याकडे आणि आई खलबत्त्याबरोबर.

मी शाळेतून आले की तिच्याकडे थोडा वेळ बसायचे. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, माझं तुटकं इंग्रजी ऐकून घ्यायची, सुधारायची नाही. तिनंच मला ती हाडाची गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेत गोऱ्यांनी घालून दिलेला नियम होता, गोरे गेल्यावरही चालू राहिलेला. वर्गात एक गाईचं हाड असायचं, दोरीत ओवलेलं. जो कुणी घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात ते घालायचं. त्याला ते काढायचं असेल तर एकच वाट, दुसऱ्या कुणाला तरी ती भाषा बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात अडकवायचं. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात हाड, त्याला मार. "म्हणजे मास्तरला काही करावंच लागत नाही बघ," ती म्हणाली, "पोरंच एकमेकांवर पाळत ठेवतात."

मी विचारलं, "तुझ्या गळ्यात आलं होतं?"

तिनं मफलर सैल केला, परत आवळला. "आलं होतं. मी बाबिरियेला मागून चिमटा काढला. ती ओरडली, आमच्या भाषेत. चिमटा काढल्यावर कोण इंग्रजीत ओरडतं? मी हाड तिच्या गळ्यात घातलं. मास्तरनं तिला कानावर मारलं, पुन्हा पुन्हा, रक्त येईपर्यंत. त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही."

ती त्यावर कविता लिहीत होती. तिचे प्रोफेसर म्हणायचे, इंग्रजीत लिही, म्हणजे जग वाचेल. "जग म्हणजे कोण रे बाबांनो?" ती मलाच विचारायची, जशी मीच प्रोफेसर. "माझी बहीण जगात नाही? इंग्रजी तिलाही येतं. पण ज्या भाषेसाठी मी तिला विकलं, त्याच भाषेत तिची माफी मागू?" तिच्या गावातल्या भारतीय दुकानदारांबद्दलही ती सांगायची. पिढ्यान्पिढ्या राहिले, लुगांडा शिकले ती फक्त आकड्यांपुरती आणि "चल, निघ" एवढी. मग लष्करी राज्य आलं, त्यांना हाकललं, आणि मग त्याच राज्याचे शिपाई तिच्या मास्तर भावाला गाडीच्या डिकीत कोंबून घेऊन गेले. तो काही परत आला नाही. हे ती दाणे निवडता निवडता सांगायची, खवट दाणा बाजूला टाकावा तसं.

आता माझी चूक सांगते. अण्णांनी शिस्त लावली होती, रोज जेवताना मी काहीतरी इंग्रजीत सांगायचं, पाच मिनिटं. अडखळले तर पट्टा. त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी हाडाची गोष्ट सांगितली. कुठेही न अडखळता. बहिणीच्या कानापर्यंत सांगितली. मला वाटलं होतं, अण्णांना वाईट वाटेल. मनात खोल कुठेतरी असंही वाटलं होतं की ते आईकडे बघतील आणि त्यांना लाज वाटेल. अण्णा घास हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "व्हेरी गुड. गुड सिस्टिम."

ते उठले. ओट्यावरचं आईचं लाटणं घेतलं, बुटाची जुनी नाडी घेतली, लाटण्याच्या दोन्ही टोकांना खाचा पाडून नाडी बांधली आणि ते सुमीच्या गळ्यात घातलं, कारण दुपारी ती मराठीत रडली होती. "संध्याकाळी सहाला मी येतो. ज्याच्या गळ्यात असेल, त्यानं मला द्यायचं," असं ते इंग्रजीतच म्हणाले. म्हणजे ज्या लाटण्यानं मार, ते लाटणं मार खाणाऱ्यानंच आणून द्यायचं. आईनं त्यानंतर पोळ्या व्हिनेगरच्या बाटलीनं लाटल्या. जाड व्हायच्या, कडेला फाटायच्या.

आठवडाभरात आम्ही दोघी बहिणी अशा झालो की काय सांगू. सुमी माझ्या पाठीमागे पावलं न वाजवता फिरायची. मी तिची वही लपवायचे, म्हणजे ती चिडून मराठीत भांडेल. एकदा मी तिचं बोट कपाटाच्या दारात मुद्दाम चेमटलं. मुद्दाम. ती "आई गं" म्हणाली आणि मी लाटणं तिच्या गळ्यात घातलं, तेव्हा तिच्या नखातून रक्त येत होतं. सुमी आता न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला असते, आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो, पण ते नख अजून वाकडं आहे आणि त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

तो शुक्रवार होता. लाटणं माझ्याकडे होतं, आणि आधीच्या तीन संध्याकाळी ते माझ्याकडेच राहिलं होतं. पाठ अशी सुजलेली की कोट अंगावर नको व्हायचा. शाळेत जाताना लाटणं दप्तरात ठेवायची परवानगी होती, घरी आलं की गळ्यात. सुमी शहाणी झाली होती, ती शाळेतच थांबली, लायब्ररीत. घरी कुणीच नव्हतं. घड्याळात चार वाजले, साडेचार वाजले. मी शेजारच्या दारापाशी गेले.

आतून खलबत्ता वाजत होता. धप्, धप्, धप्. आणि त्या आवाजाच्या आड आई बोलत होती. आमची मुकी आई! अहो, नुसती बोलत नव्हती, तिचं तोंड वाहत होतं. तिच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट, जी फक्त माझ्या सख्ख्या मावशीलाच दूध काढू द्यायची. आजोबा तिचं लुगडं नेसून धार काढायला बसले आणि म्हशीनं लाथ मारून त्यांना उकिरड्यात पाडलं. बत्ता पडला की एक वाक्य, पडला की एक वाक्य. मधे नाकातोमावशी लुगांडात काहीतरी म्हणायची, आई "व्हय बाई, तेच तर" म्हणायची, आणि मग दोघी हसल्या. आईचं हसणं मी तीन महिन्यांनी ऐकलं. मी दाराला कान लावून ते सगळं ऐकलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, थंडीत चुलीपाशी बसल्यासारखं.

आणि मग मी दार ढकलून आत गेले, गळ्यातलं लाटणं काढलं आणि आईच्या गळ्यात घातलं.

बत्ता थांबला. आईनं मान खाली करून लाटण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागानं नाही. "बरं झालं," ती म्हणाली, मराठीतच, "आज पोळ्या पातळ होतील." आणि तिनं त्यावरून पदर ओढून घेतला. नाकातोमावशी मात्र उठून उभी राहिली होती. तिला घरातल्या लाटण्याचं काही ठाऊक नव्हतं. आईला सांगता येत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. तिनं पदराखालची ती नाडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. "हे तुला मी शिकवलं," ती एवढंच म्हणाली. मी पळून घरी गेले.

सहाला बूट वाजले, तोवर आई आणि सुमीही घरात होत्या. अण्णांनी कोट काढला, टोपी झटकली आणि विचारलं, "हू हॅज इट?" आईनं पदर बाजूला केला. अण्णा क्षणभर गोंधळले. त्यांना वाटलं असावं, हे आम्हा पोरींपुरतं आहे. त्यांनी कदाचित सोडूनही दिलं असतं, मला अजून तसं वाटतं. पण त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "व्हॉट डिड शी से?" आणि मी, विचारलं त्यापेक्षा जास्त सांगितलं. म्हटलं, "शी टॉक्स एव्हरी डे. नेक्स्ट डोअर. ऑल डे." स्वच्छ इंग्रजीत, एकही चूक न करता.

पहिला फटका खांद्यावर बसला. नाडी आईच्या गळ्यातच होती, त्यांनी लाटणं ओढलं तशी ती पुढे फरफटत आली आणि नाडी तुटली. दुसरा पाठीवर. सुमी टेबलाखाली शिरली. आई ओरडत नव्हती, त्यानं ते आणखी चवताळले. बाहेरच्या माणसासमोर, परक्या बाईसमोर, रोज, माझ्या नाकावर टिच्चून! प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक फटका. तिसरा की चौथा डोक्यावर येत होता तेव्हा आईनं उजवा हात वर केला. भाजलेली शेंग फोडावी तसा आवाज झाला. हात मनगटापाशी असा वळला, जसा हात वळत नाही.

आणि अण्णा थांबले नाहीत. त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. आईच्या बापाला, तिच्या गावाला, तिच्या जिभेला. सगळ्या शिव्या आमच्या गावच्या, नदीवरच्या, बैलाला घालायच्या. एवढ्या मोकळ्या मराठीत मी त्यांना अमेरिकेत कधी ऐकलं नव्हतं.

आई भिंतीला टेकून खाली बसली होती. ओठ फुटला होता. ती म्हणाली, "आता ते तुमच्या गळ्यात घाला."

"काय?"

"लाटणं. मराठीत बोललात की. नेम म्हणजे नेम."

अण्णांचा हात वरच राहिला. मला त्यांचा तो चेहरा सांगता येत नाही. बाकावर उभं केलेलं पोरगं असतं ना, तसा काहीसा. मग तो चेहरा गेला आणि त्यांनी हात अजून वर नेला, या वेळी सगळ्या ताकदीनं. तेवढ्यात दार उघडून नाकातोमावशी आत आली. तिनं त्यांचं मनगट मागून धरून पिरगाळलं, लाटणं हिसकून घेतलं आणि त्यांच्या खांद्यावर एकदाच हाणलं. अण्णा गुडघ्यावर बसले. ती लाटणं धरून उभी होती. मला वाटलं, आता ही त्यांच्या कानावर मारणार. त्यांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. तिनं लाटणं माझ्या पायाशी टाकलं आणि म्हणाली, "न्याबोचा कोट आण."

तिच्या खटारा गाडीतून आम्ही इमर्जन्सीला गेलो. अण्णाही आले, पुढच्या सीटवर. त्यांच्याशिवाय तिथे कागद कोण भरणार, असं त्या वेळी आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं, आईलासुद्धा. डॉक्टर एक तरुण बाई होती. तिनं आईचा हात उशीवर ठेवला आणि विचारलं, काय झालं. अण्णा तोपर्यंत सावरले होते. म्हणाले, ती पायऱ्यांवर घसरली, बर्फ होता. डॉक्टरनं आईच्या ओठाकडे बघितलं, गळ्यावरच्या नाडीच्या लाल रेघेकडे बघितलं. म्हणाली, "मला हिच्याकडून ऐकायचंय."

अण्णांनी आईला मराठीत विचारलं. अख्ख्या हिवाळ्यातला त्यांचा पहिला सरळ मराठी प्रश्न. "सांग, कसं पडलीस?"

आईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघून बोलली, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. "नवऱ्यानं लाटण्यानं मारलं. मी माझ्या भाषेत बोलले म्हणून. पोरींनाही मारतो. थोरलीची पाठ बघा."

अण्णा डॉक्टरला म्हणाले, "शी सेज द स्टेप्स वेअर आयसी."

डॉक्टर माझ्याकडे वळली. तिचे डोळे मला अजून आठवतात, ती खूप दमलेली होती. "इज दॅट व्हॉट शी सेड?"

नाकातोमावशी माझ्या मागे उभी होती. ती बोलू शकली असती. तिला भाषा आली नसली तरी काय घडलं ते सगळं ठाऊक होतं. पण ती बोलली नाही. खोलीत आईचं बोलणं कळणारी दोनच माणसं होती, अण्णा आणि मी. सहा वाजता मी ज्या जिभेनं आईला धरून दिलं तीच जीभ, आणि तेच इंग्रजी, पट्ट्यानं मारून मारून अण्णांनी पाठ करून घेतलेलं. "नो," मी म्हटलं. मग आईचं एकेक वाक्य घेतलं आणि तसंच्या तसं पलीकडे नेऊन ठेवलं. लाटण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून "ज्या लाकडानं भाकरी गोल करतात ते" असं सांगितलं. अण्णांनी मधेच मला "मंदा" अशी हाक मारली. मी थांबले नाही. शेवटी पाठ फिरवून फ्रॉक वर केला.

एक मात्र मी सांगितलं नाही. चहाडी कुणी केली ते. आईनं ते सांगितलंच नव्हतं, मग भाषांतरात कुठून येणार?

पुढचं थोडक्यात सांगते. पोलीस आले. अण्णांना काही महिने वेगळं राहावं लागलं, कोर्टात जावं लागलं. उन्हाळ्यात आईनं त्यांना परत घरात घेतलं. ते बरोबर की चूक, यावर माझी आणि सुमीची अजून भांडणं होतात. पण घेताना तिनं त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून सांगितलं, "या घरात आता मराठी चालतं. नसंल चालत तर तिकडंच बरं." त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही, आणि फार बोललेही नाहीत कधी. दोन खोल्यांतला मुका माणूस बदलला, एवढंच.

त्याआधी, वसंतात, बर्फ वितळून चिखल झाला तेव्हा नाकातोमावशीचं कवितावाचन होतं, युनिव्हर्सिटीच्या एका छोट्या हॉलमध्ये, दुपारी. तीसेक माणसं. आई पहिल्या रांगेत, हाताला प्लॅस्टर, नवं लुगडं. प्रोफेसरांनी ओळख करून दिली आणि आता इंग्रजीतून कविता ऐकू या म्हणाले. मावशी उभी राहिली. तिनं मफलर काढला, पहिल्यांदाच, आणि लुगांडात सुरू केली. ती कविता खलबत्त्याच्या ठेक्यावर बांधलेली होती. मला भाषा कळत नव्हती, पण ठेका मी दाराला कान लावून ऐकलेला. मागून कुणीतरी "इंग्लिश, प्लीज!" म्हणालं. एकदा, दोनदा. तिचा आवाज क्षणभर अडखळला. आणि आईनं डाव्या हाताची मूठ बाकावर मारायला सुरुवात केली. धप्, धप्, धप्. मावशीनं तो ठेका धरला आणि शेवटपर्यंत गेली. मागचा माणूस गप्प बसला.

एकाच ओळीचा अर्थ तिनं मला नंतर सांगितला, तो मी मराठीत असा लावते. "हाडा रे हाडा, तू ज्या गाईचं, ती कुठल्या भाषेत हंबरायची?" कविता टेपवर भरून तिनं बहिणीला पाठवली. बाबिरियेनं काय उत्तर दिलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शिक्षण संपवून ती परत गेली. देश शांत झाला नव्हता, तरी गेली.

मी आईची माफी मागितली ती फार उशिरा. तिला इथे शुगर लँडला आणलं होतं, थकली होती, उजवं मनगट थंडीत नाही पण एसीत दुखायचं. मी पोळ्या लाटत होते, त्याच लाटण्यानं. टोकांच्या खाचा अजून बोटाला लागतात. ती टेबलाशी बसून दाणे सोलत होती. मी पाठमोरीच म्हटलं, "आई, त्या दिवशी अण्णांनी एवढंच विचारलं होतं, काय बोलली. रोज बोलते, हे मी आपणहून सांगितलं."

तिनं हातातली शेंग फोडली, सालं बाजूला टाकली. मग म्हणाली, "ठाऊक हाय की. मी काय बहिरी व्हते? तेवढं इंग्रजी कळत व्हतं मला."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? लेकरू व्हतीस. पाठ सुजलेली." तिनं एक खवट दाणा बाजूला टाकला. "चहाडखोर व्हतीस खरी. पण दवाखान्यात माझं बोलणं चोख पोचवलंस, एक शबूद इकडचा तिकडं केला नाहीस." आणि मग, माझ्या हाताकडे बघत, "जाड झाली ती. कडा लाट."